सोळा मिलिमीटर

९ फेब्रुवारी

ताईच्या उजव्या पायातून आज शिलाई मशीनची मोडकी सुई निघाली. किती दिवस आत होती कोण जाणे. मला पत्ता लागला तो फरशीवरच्या डागांमुळे. "अगं, रक्त येतंय तुझ्या पायातून!" म्हणून ओरडले, तर बाईसाहेब वाकून बघतात आणि म्हणतात कशा, "अय्या, माझंच का ते? मला वाटलं, लाल दोरा पडलाय." पाय पायडलवर तसाच, मशीन चालूच.

दोन वर्षं झाली, साखरेनं तिच्या पावलांची जाणीव नेली आहे. कढत पाण्यात पाय घालते आणि फोड दिसले की मग हिला कळतं. हे माहीत असूनही मी तिच्या चपला रोज झाडून बघत नाही. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत परक्यांचे जंतू मोजतेय, पण घरचा पाय बघायला मला फुरसत झाली नाही. अंगठ्याशेजारची दोन बोटं टरटरून सुजलीत आणि मधे पू आहे. कापसाच्या काडीवर नमुना घेतला. उद्या मीच लावणार.

प्रयोगशाळेच्या वहीत नुसते आकडे लिहायचे असतात. माझा जीव थाऱ्यावर नाही हे त्या वहीत कुठल्या रकान्यात लिहू? म्हणून ही दुसरी वही.

१२ फेब्रुवारी

अहवाल माझ्याच हाताने लिहिला. चौदा औषधं लावून बघितली, त्यातल्या तेरांनी हात टेकले. उरलं ते चौदावं मूत्रपिंडाला जड, आणि ताईची मूत्रपिंडं आधीच अर्धी कामातून गेलेली. असे अहवाल मी आठवड्याला चार तरी लिहिते. आज पहिल्यांदा सही करताना पेन थांबलं.

सर्जन वयाने तरुण आणि तोंडाने फटकळ. "दोन बोटं काढू. याच आठवड्यात. औषध जपून थोडं देऊ, बाकीचं काम चाकूचं. बोटं गेली तर पाऊल राहील."

ताईने विचारलं, "बोटांशिवाय मशीन चालवता येतं का हो?"

"येतं. थोडी सवय करावी लागेल."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "ठमे, तू काय म्हणतेस?"

एक्कावन्न वर्षांची झाले, केस पिकले, तरी उंची काही वाढली नाही म्हणून अजून ठमीच. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. माझं सगळं शिक्षण ताईच्या त्या उजव्या पायावर झालं. तो डॉक्टर चाकू काढतो म्हणाला आणि मला ते सगळं एकदम आठवलं. "दोन दिवस द्या, आम्ही विचार करतो," म्हणाले. त्याने फक्त घड्याळाकडे बघितलं. भारी राग आला.

१३ फेब्रुवारी

मॅडमचं काम गेलं वर्षभर चालू आहे: झाडांच्या अर्कांनी जंतू मरतात का ते बघायचं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. अर्क काढणं, चकत्या बुडवणं, वर्तुळं मोजणं हे सगळं मात्र माझ्याकडे. बावीस झाडांपैकी एकवीस नुसतीच झाडं निघाली. बाविसावी पिवळी मुळी. जुनी माणसं जखमेवर उगाळून लावायची तीच. तिने साध्या जंतूंना खरोखर मारलं आहे. नऊ मिलिमीटर, दहा मिलिमीटर. फार नाही, पण खोटंही नाही.

मग ताईच्या जंतूंवर का नको?

मॅडम बाहेरगावी परिषदेला गेल्यात, तेवीसला येतील. विचारायला कोणी नाही. दुपारी ताईचे जंतू बशीत, ज्यावर ते वाढतात त्या खळीवर सारवले. एका बशीत सहा चकत्या बसतात. कागदाच्या या चकत्या अर्कात बुडवायच्या, रात्रभर वाळवायच्या, की अर्कातलं स्पिरिट उडून जातं आणि मुळी तेवढी उरते. मग जंतूंवर ठेवायच्या. जंतू मेले तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. रात्रभर थांबायला मला वेळ कुठे होता? अर्ध्या तासात चकत्या लावल्या. पाच मुळीच्या आणि एक कोरी. नियमाप्रमाणे सहावी नुसत्या स्पिरिटची लावायची असते. पण वर्षभर ती लावतेय, तिच्याभोवती कधी कणभरही काही दिसलं नाही. उगाच जागा अडवते. या वेळी गाळली.

काचसामान धुणाऱ्या मावशी शेजारी बशा पुसत होत्या. म्हणाल्या, "बाई, आज चकत्या ओल्याच का हो?"

"ओल्या नाहीत, दमट आहेत," मी म्हणाले.

"हां, दमट," मावशी म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

१४ फेब्रुवारी

सोळा! पाचही चकत्यांभोवती सोळा मिलिमीटर. तीनदा मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं. तेरा औषधं जिथे पालथी पडली तिथे एका मुळीने मैदान मारलं. कोऱ्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेत, म्हणजे कागदाचा काही दोष नाही. मी बशी खिडकीशी धरून उभी राहिले आणि रडले. मावशींनी बघितलं. बघू देत.

१५ फेब्रुवारी

बशी घेऊन सर्जनकडे गेले. म्हटलं, आठ दिवस द्या. त्याने बशीकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"बाई, बशीत तर फिनेलही जिंकतं. पाय म्हणजे बशी नव्हे. आत हाडापर्यंत गेलंय, तिथे रक्त पोचत नाही. तुमचा लेप काय पोचणार?"

"तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी जंतू बघतेय," मी म्हणाले. तोंडाला लगाम घालायला हवा होता, नाही घातला. तो लाल झाला, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, "निर्णय रुग्णाचा असतो. त्यांनी नाही म्हटलं तर मी तसं लिहून घेईन." आणि ताईला, माझ्याकडे न बघता, "आजी, आठ दिवसांत हे चढू शकतं. चढलं तर बोटांवर भागणार नाही. कळतंय ना?"

"आजी कोणाला म्हणतोस रे?" ताई म्हणाली. मग मला, "ठमे, खात्री आहे ना तुझी?"

मी हो म्हणाले.

तिने सही केली. कागद नीट वाचलाही नाही.

१६ फेब्रुवारी

अर्क आटवून मलम केलं. सकाळ-संध्याकाळ जखम धुऊन लेप देते, वर पट्टी. इस्पितळाच्या गोळ्या चालू आहेतच. ताई हळदीच्या अंगाची दिसते म्हणून तिला चिडवलं. पावलापासून गुडघ्यापर्यंत पिवळीधमक. "या वयात मला नवरी करतेस होय?" म्हणाली.

लावताना विचारलं, "कसं वाटतंय?"

"गार वाटतंय."

तारीख आणि वेळ घालून वहीत लिहिलं. रुग्णाचा अनुभव: थंडावा.

१८ फेब्रुवारी

सुधारणा आहे. लाली अजिबात दिसत नाही, सगळीकडे एकसारखा पिवळा रंग. पू कमी. ठणका नाही, विचारलं तर "छे, काही नाही" म्हणते. ताप रोज संध्याकाळी घरी आल्यावर बघते: नॉर्मल. डोकेदुखीची गोळी अधूनमधून घेते, तेवढंच. साखर मात्र चढलीय, कालची तीनशेच्या वर. चोरून गोड खात असणार, दुसरं काय. बोलले तिला. ऐकून घेतलं, उलट बोलली नाही. एरवी ताई ऐकून घेणाऱ्यातली नाही.

ताईच्या बशीतल्या वर्तुळांचा फोटो मॅडमना पाठवला. "आल्यावर बघू" एवढंच उत्तर आलं. कौतुकाचे चार शब्द खर्च झाले असते तर काय बिघडलं असतं?

१९ फेब्रुवारी

ताई दुपारच्या उन्हात शाल पांघरून बसली होती. म्हणाली, म्हातारपणी थंडी वाजायचीच. मशीनवर चार दिवस बसलेली नाही. गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत. "घाई काय आहे, बरी झाले की शिवीन." बरं वाटलं ऐकून.

२१ फेब्रुवारी

खोलीत वास येतो. मुळी उग्रच असते. खिडक्या उघड्या ठेवल्या.

ताईच्या उशाखाली डोकेदुखीच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं सापडली. "इतकं दुखतं डोकं?" तर म्हणाली, "डोळ्यांवर ताण पडतो गं, शिवताना." शिवत तर ती नाहीये. पण मी जास्त खोदलं नाही. उद्या सातवा दिवस. परवा मॅडम येतील, त्यांना बशी दाखवायची, मग पाय. तो सर्जनही असू दे समोर.

२३ फेब्रुवारी

मॅडम आल्या. मी वही उघडून ठेवली, शेजारी बशी. त्यांनी वही वाचली. बशी हातात घेऊन फिरवून बघितली. एकच प्रश्न विचारला.

"स्पिरिटची चकती कुठे आहे?"

"मॅडम, वर्षभर तिला कधी काही..."

"वर्षभर आपण चकत्या रात्रभर वाळवत होतो. या किती वेळ वाळवल्यात?"

मागे मावशी नळ सोडून धूत होत्या, त्यांनी नळ बंद केला.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाही वर केली आणि स्वतः दोन बशा लावायला घेतल्या. एकीत नुसतं स्पिरिट, अर्धा तास वाळवलेलं. दुसरीत मुळी. त्या चकत्या गरम पेटीत ठेवल्या, संध्याकाळी पार कोरड्या झाल्या की मगच लावायच्या. दोन्ही बशांत ताईचेच जंतू. "उद्या बघू," म्हणाल्या. मग थांबून, "हे कोणाला लावलेलं नाही ना तुम्ही?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. नाही बोलता आलं. सगळं सांगितलं.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "बशीची वाट बघू नका. आत्ता जा आणि पाय साबणाने धुऊन बघा."

घरी आले तेव्हा ताई मशीनच्या पायाशी जमिनीवर बसली होती. उठता येत नव्हतं. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी सहापर्यंत येणार नाही म्हणून तिने आज डोकेदुखीची ती गोळी, ताप दाबणारी, अजून घेतली नव्हती. पातेल्यात कोमट पाणी आणलं, साबण आणला आणि पिवळा रंग घासून काढला. खाली काळं होतं. दोन्ही बोटं काळी, आणि तिथून एक लाल पट्टा पोटरीवर चढलेला. किती दिवसांचा तो मला सांगता येणार नाही, कारण मी तो रोज स्वतःच्या हाताने रंगवत होते.

ताई पायाकडे बघत होती. "ठमे, नाही ना झालं बरं?" तिने विचारलं.

२४ फेब्रुवारी

पाय गेला. गुडघ्याखाली चार बोटं अंतर ठेवून बाकीचा. सर्जन बाहेर आला, टोपी काढली, घामाने केस चिकटले होते. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. तो म्हणाला, "गुडघा वाचवलाय. कृत्रिम पाय बसेल." आणि मला पाणी आणून दिलं.

मॅडमचा फोन आला. नुसतं स्पिरिट: सोळा मिलिमीटर. मुळी, कोरडी: शून्य. काहीही नाही. चकतीला टेकून जंतू वाढलेत.

२७ फेब्रुवारी

ताई शुद्धीवर आहे, बोलते, पेज घेते. मी चमच्याने भरवते. पायाचा विषय तीही काढत नाही, मीही नाही. चादरीखाली उजवीकडे जिथे सपाट आहे तिथे बघायचं मी टाळते. काय झालं हे तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, औषध कमी पडलं.

२ मार्च

चौकशीसाठी लेखी मागितलं होतं. साडेतीन पानं लिहिली. त्यात "घाईमुळे" हा शब्द चार वेळा आला होता, तो चारही ठिकाणी खोडला. घाई सर्जनलाही होती. मला घाई नव्हती, मला त्याला खोटं पाडायचं होतं. हे लिहिलं आणि सही केली. मॅडमनी मला मुळीच्या कामावरून काढलं आहे. नोकरीचं पुढे ठरेल.

त्या म्हणाल्या, "मुळी वाईट नाही हो. साध्या जंतूंवर तिचं काम खरं आहे. कदाचित दहा वर्षांनी तिच्यातून काही निघेलही. तुम्ही तिच्यावर दहा वर्षांचं ओझं एका दुपारी टाकलंत." मी मान हलवली. मुळीची कीव यायला मला अजून वेळ लागेल.

४ मार्च

आज सांगितलं ताईला. खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. चकती म्हणजे काय, स्पिरिट म्हणजे काय, मावशींनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, समजत नसेल. समजत होतं.

"म्हणजे त्या मुळीत काही नव्हतंच?"

"तुझ्या जंतूंसाठी नव्हतं."

"आणि दोन बोटं तेव्हाच काढली असती तर पाऊल राहिलं असतं?"

"बहुतेक."

"बहुतेक का नक्की? तू मोजणारी बाई आहेस."

"डॉक्टरांना विचारलं मी. राहिलं असतं म्हणाले."

ती छताकडे बघत राहिली. मी म्हणाले, "पण तुला गार वाटत होतं ना? तू रोज सांगायचीस. मला वाटलं..."

"त्या पायाला मला विस्तवही कळत नव्हता, ठमे. तू वर तोंड करून विचारायचीस, मी काय सांगणार होते? शाळेतून मार्क घेऊन यायचीस तेव्हा असंच तोंड असायचं तुझं."

"आणि ताप?"

"तुझे आठ दिवस पुरे करून द्यायचे होते मला."

मी तिच्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं. तिने हात ठेवला नाही. तो हात तिच्या पोटावर होता, तिथेच राहिला.

१३ मार्च

ताईला घरी आणलं. मशीनकडे न बघता ती आत गेली. दुपारी शेजारीण मशीन विकायला काढलंय का म्हणून विचारून गेली. ताईने "नाही" एवढंच सांगितलं.

जखमेची पट्टी रोज बदलायची आहे. मी इस्पितळातून परिचारिका ठरवून आले होते. माझ्या हाताने तिला पट्टी बांधून घ्यावीशी वाटणार नाही असं मी धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मलाच ते करायचं नव्हतं. परिचारिका दारात आली, ताईने तिची पेटी बघितली आणि म्हणाली, "हिला परत पाठव."

"ताई, ती शिकलेली आहे."

"मग तू कोण आहेस?"

परिचारिका गेली. मी दार लावून तिथेच उभी राहिले. ताई बोलली ती भिंतीकडे बघून, पण आवाज चांगला खणखणीत होता.

"मी रागावलेय तुझ्यावर. पुष्कळ रागावलेय. मला वाटलं होतं घरी आले की जाईल, पण नाही गेला. रोज सकाळी उठते आणि पाय खाली टाकायला जाते, तेव्हा तुझंच नाव येतं तोंडात. हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. मरेपर्यंतसुद्धा चालेल. पण दुसरं कोणी बघितलेलं मला चालायचं नाही. काय दिसतंय ते खरं सांगायचं. आणि मी गार वाटतंय म्हटलं तर विश्वास ठेवायचा नाही."

"बरं," मी म्हणाले.

मिठाचं निर्जंतुक पाणी, कापूस आणि पट्टी घेतली. हात धुतले, कोपरापर्यंत, मोजून दोन मिनिटं. जुनी पट्टी उलगडली.

"काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"टाके अकरा. दोन टाक्यांमधे लाली आहे, साधारण चार मिलिमीटर. पू नाही. वास नाही. बाहेरच्या बाजूला थोडी सूज. उद्या लाली वाढली तर डॉक्टरांना दाखवायचं."

"वाढली नाही तर?"

"तरी परवा दाखवायचंच."

"लिही," ती म्हणाली.